‘ओशिन’ आणि गोदाकाठचा प्रेक्षक

परदेशी कलाकृतीचा आस्वाद घेताना ‘हे तर आपलेच आहे’ असा जो उद्गार रसिकाच्या तोंडून निघतो, तो कौतुकाचा असतो यात शंका नाही. परंतु तो आस्वादाचा आरंभ मानावयाचा की शेवट, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. इंग्रजी कादंबरी किंवा रशियन कथा यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा तीव्र होत नाही. तेथील परकेपणा पानोपानी जाणवत राहतो. जपानी दूरचित्रवाणी मालिकांचे तसे नाही. भाताची खाचरे, एकत्र कुटुंब, सासूचा दरारा, घरातच पूजिले जाणारे पितर, वडीलधाऱ्यांपुढे वाकणारी मान, या सामग्रीमुळे मराठी प्रेक्षकाला तेथे पाऊल टाकताच बसावयास ओळखीची जागा सापडते. अशा मालिकांचा चाहता आज परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावीही असू शकतो. त्याला संचसुद्धा लागत नाही; हातातील फोन आणि चित्राखालून धावणारी इंग्रजी उपशीर्षके एवढी सामग्री त्याला पुरते. या चाहत्याचा प्रतिसाद कसा घडतो आणि नेमका कोठे अडतो, हे पाहण्यास ‘ओशिन’ या मालिकेइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही.

‘ओशिन’ ही एनएचके या जपानी प्रक्षेपणसंस्थेची मालिका. ४ एप्रिल १९८३ ते ३१ मार्च १९८४ या काळात, रोज सकाळी पंधरा मिनिटे, असे तिचे २९७ भाग प्रक्षेपित झाले. जपानमधील नेहमीची मालिका एका हंगामात, साधारण दहा-अकरा भागांत, आटोपते. सकाळच्या मालिकाही त्या काळी सहा महिन्यांच्या असत. एनएचकेच्या दूरचित्रवाणीला तीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने ‘ओशिन’ला मात्र पूर्ण वर्ष देण्यात आले. लेखिका सुगाको हाशिदा (१९२५–२०२१). नायिकेचे बालपण आयाको कोबायाशी, तारुण्य युको तानाका आणि उत्तरायुष्य नोबुको ओतोवा यांनी साकार केले. प्रेक्षकसंख्येची सरासरी ५२.६ टक्के आणि उच्चांक ६२.९ टक्के, हे आकडे जपानच्या इतिहासात मालिकेला मिळालेले आजवरचे सर्वोच्च आकडे होत. पुढे साठांहून अधिक देशांत ती दाखविली गेली. इराणात तर जुन्या कपड्यांच्या बाजाराला ओशिनच्या सासरच्या आडनावावरून ‘तानाकुरा’ असे नाव पडले. आणि १९८९ साली तेथील आकाशवाणीवर एका स्त्रीने आपला आदर्श म्हणून फातिमेऐवजी ओशिनचे नाव घेतले, तेव्हा आयातुल्ला खोमेनी यांचा रोष प्रक्षेपणाधिकाऱ्यांवर ओढवला. एखाद्या पात्राचे चाहते होणे ही गोष्ट वाटते तितकी निरुपद्रवी नसते, एवढे या प्रसंगावरून ध्यानात यावे.

कथेचा आरंभ १९०७ सालचा. यामागाता प्रांतात मोगामी नदीच्या वरच्या अंगाला राहणारे एक कुळवाडी कुटुंब. पीक जमीनदाराचे, उपासमार यांची. तांदूळ पुरत नाही म्हणून त्यात मुळा मिसळून शिजविलेला भात, तोही पोटभर नाही. घरात आणखी एका तोंडाची भर पडू नये म्हणून आई फुजी गोठविणाऱ्या नदीच्या पाण्यात उतरून उभी राहते. जुन्या गणनेप्रमाणे सात वर्षांची ओशिन ते पाहते आणि चाकरीला जाण्यास कबूल होते. मोबदला काय? एका वर्षाच्या कामापोटी तांदळाचे एक पोते, आणि तेही आगाऊ. पोते घरात येते, मूल तराफ्यावर बसून नदीने खाली जाते. तीरावर आईबाप उभे. या एका दृश्याने जगभरच्या प्रेक्षकाला रडविले आहे.

गोदावरीच्या काठच्या प्रेक्षकाने या दृश्यापाशी थांबावे यात नवल नाही. त्याच्या अनुभवात या दृश्याचे सगळे सुटे भाग आधीच आहेत. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत साल धरणारा सालगडी आणि ठरलेल्या धान्यात व रोकडीत बांधले गेलेले त्याचे वर्ष त्याने पाहिलेले किंवा ऐकलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. मुळा घातलेल्या भाताचा अर्थ अशा घराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नदीही आहेच. तेव्हा पहिल्या छत्तीस भागांतील, म्हणजे बालपणाच्या खंडातील, ओशिनशी त्याचे जे तादात्म्य होते ते खोटे म्हणता येणार नाही. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले त्या व्यापाराचे हे शुद्ध उदाहरण आहे: यामागातातील विशिष्ट मुलगी आपली विशिष्टता टाकून ‘पोटासाठी घराबाहेर धाडलेली पोर’ एवढीच उरते आणि म्हणूनच परभणीच्या रसिकाच्या हृदयात सहज शिरते.

अडचण येथूनच सुरू होते. विशिष्टता टाकून दिल्याखेरीज प्रवेश नाही हे खरे. पण टाकून दिलेले पुन्हा उचलून घ्यावयाचे की नाही? न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची जी कल्पना मांडली, तिच्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही आपण कोण आहोत याचे भान वाचकाने गमावावयाचे नसते. आनंद त्या दुहेरीपणातच आहे. ‘ओशिन’च्या चाहत्याचे असे होते की तो समाधीपर्यंत तत्परतेने पोहोचतो आणि विकल्प मात्र नदीत सोडून देतो. डोळे भरून आले की आस्वाद पूर्ण झाला अशी त्याची समजूत असते.

या समजुतीची परिणती एका तुलनेत होते, आणि ती तुलना परभणी जिल्ह्यात इतकी हाताशी आहे की ती टाळणेच अवघड. ओशिन म्हणजे जपानची जनाबाई! गंगाखेडची मुलगी, लहानपणीच पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरी कामाला राहिलेली, आयुष्यभर स्वतःला नामयाची दासी म्हणविणारी. दळण, कांडण, शेण, पाणी, बाळवयातील वियोग, परक्या घरातील सर्वांत खालची जागा. साम्य वरवर पाहता थक्क करणारे आहे. तरीही ही तुलना दोघींवरही अन्याय करते असेच म्हणावे लागेल.

जनाबाईच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांत घरातील आपले स्थान ती लपवीत नाही. पण त्या स्थानाची तक्रार ती मालकाकडे नेत नाही; ती सरळ देवालाच कामाला लावते. तिच्या अभंगांतील विठ्ठल जात्याला हात लावतो, गोवऱ्या वेचतो, पाणी भरतो, तिचे केस विंचरतो. श्रमाचे मोल तेथे कोणी देत नाही, मागतही नाही. श्रम हाच सख्याचा सहवास बनतो आणि त्या क्षणी मालक-चाकर हा व्यवहारच अप्रस्तुत ठरतो. हा दास्याचा स्वीकारही नव्हे आणि त्याविरुद्धचे बंडही नव्हे. दास्याच्या हिशेबाची वहीच जनाबाईने मिटून ठेवली आहे.

ओशिनची गोष्ट नेमकी याच्या उलट दिशेने जाते. तिच्या हाती वही येते. पहिल्या चाकरीत पन्नास सेनच्या नाण्याच्या चोरीचा आळ येतो. ते नाणे वास्तविक आजीने निघताना दिलेले. आजीचे नाणे हिरावले जाते आणि ती बर्फात पळून जाते. पैसा म्हणजे काय याचा तिला मिळालेला हा पहिला धडा. पुढे साकाता बंदरातील तांदळाच्या मोठ्या पेढीत, म्हणजे आपल्याकडील मोंढ्यातल्या एखाद्या जुन्या आडतीसारख्या घरात, ती कामाला लागते. तेथील वृद्ध मालकीण कुनी तिला लिहिणे, वागणे आणि जपानी मणीचौकटीवर हिशेब करणे शिकविते. त्यानंतरच्या प्रत्येक वळणावर ओशिन काही ना काही विकते: केशरचनेचे कौशल्य, कापड, शिवलेले कपडे, दारोदार फिरून मासळी, अखेरीस ग्राहकाने आपल्या हाताने वस्तू उचलून घ्यावयाच्या पद्धतीचे दुकान. देव तिच्या मदतीला येत नाही. तिच्या मदतीला येतात ती माणसे, आणि त्या माणसांचे ऋण तिच्या वहीत चढत जाते. हे ऋणच पुढे कथेचे खरे कथानक होते. जनाबाईच्या चौकटीत ओशिनला बसविणारा रसिक हे सर्व कापून टाकतो. आणि ओशिनच्या चष्म्यातून जनाबाईकडे पाहणारा तिला केवळ एक सोशीक मोलकरीण करून टाकतो. दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती घरातली आहे.

रूपाच्या दृष्टीने मात्र या दोन परंपरांत एक खरे नाते आहे, आणि चाहत्याच्या नजरेतून सहसा तेच निसटते. एनएचकेने सकाळची मालिका १९६१ मध्ये सुरू केली ती वृत्तपत्रातील क्रमशः कादंबरीच्या धर्तीवर. सकाळच्या घाईत स्वयंपाकघरातील स्त्रीला पडद्याकडे सतत पाहणे शक्य नसते. म्हणून या मालिकांत निवेदनाचा स्वर फार महत्त्वाचा. ‘ओशिन’मधील तोमोको नाराओका यांचे निवेदन डोळे मिटून ऐकले तरी कथा समजते. हातांनी काम आणि कानांनी कथा, अशी ही योजना आहे. पहाटेच्या जात्यावर मराठी स्त्रीने जी ओवी गायिली तिची वेळ हीच, तिचा श्रमाशी असलेला संबंधही हाच. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या जमविल्या. त्यांतील सासुरवास, माहेर, भाऊ, अन्नाची चणचण हे विषय ‘ओशिन’च्या विषयांशी जुळतात. फरक एवढाच की जात्यावर गाणारी स्त्री स्वतः कर्ती होती, सकाळच्या मालिकेपुढची स्त्री श्रोती आहे. आणि हा फरक लहान नाही. ओवी गाणारी आपल्या सासूला ओवीत आणू शकत होती. मालिका ऐकणारीला दुसऱ्या कोणाची तरी सासू पुरविली जाते.

आता मालिकेच्या उरलेल्या अडीचशेहून अधिक भागांकडे वळावयास हवे. चाहत्यांच्या बोलण्यात ते फारसे येत नाहीत. प्रत्यक्षात मालिका तराफ्यापासून सुरू होतच नाही. तिचा आरंभ १९८३ सालात आहे: तानोकुरा कुटुंबाच्या सतराव्या दुकानाचे उद्घाटन, घरात लगबग, आणि त्र्याऐंशी वर्षांची ओशिन कोणास न सांगता निघून गेलेली. नातवासारखा असलेला केई तिला शोधून काढतो आणि दोघे तिच्या गतायुष्याच्या गावांतून फिरू लागतात. म्हणजे बालपणाची सारी कहाणी ही एका यशस्वी व्यापारी वृद्धेने, आपण कोठे चुकलो हे शोधण्यासाठी, मागे वळून पाहिलेली कहाणी आहे. ज्या जुन्या स्नेह्याने, कोताने, तिच्या पडत्या काळात हमी दिली, त्याच्याच घरच्या दुकानावर नव्या दुकानामुळे गदा येणार आहे. आणि मुलगा हितोशी याला त्यात गैर काही वाटत नाही. ज्या मुलाला तिने भुकेपासून वाचविले त्याला ती ऋणाची जाणीव देऊ शकली नाही. १९८३ च्या सुबत्तेतील जपानी कुटुंबांपुढे सकाळच्या न्याहारीच्या वेळी हा प्रश्न ठेवणे हे हाशिदा यांचे धाडस होते. मुळ्याचा भात त्या प्रश्नाचे प्रास्ताविक आहे. प्रास्ताविकालाच ग्रंथ समजणारा वाचक जपानातही होता: मधुमेहाशी झुंजत १९८३ मध्ये सुमो कुस्तीतील सर्वोच्च पद मिळविणाऱ्या ताकानोसातो या मल्लाला लोकांनी ‘ओशिन योकोझुना’ म्हटले, ते केवळ सोशिकपणाच्या अर्थाने. परभणीचा चाहता या बाबतीत एकटा नाही.

सासूचा प्रसंगही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९२३ च्या भूकंपात तोकियोतील संसार मोडल्यावर ओशिन पती र्‍यूझो याच्या घरी सागा येथे जाते आणि सासू कियो तिचा अनन्वित छळ करते. गर्भारपणातही शेतातले काम सुटत नाही, मूल मृत जन्मते. हा सासुरवास मराठी प्रेक्षकाला इतका परिचित आहे की त्याचे अश्रू येथे दुसऱ्यांदा वाहतात. परंतु पुढे ओशिन स्वतः सासू होते. सून मिचिको हिच्याशी तिचे खटके उडतात, आणि प्रत्येक वेळी न्याय ओशिनच्याच बाजूला असतो असे नाही. सागाच्या भागांत जो प्रेक्षक सुनेच्या बाजूने रडला, तो येथे नकळत सासूच्या बाजूला जाऊन बसतो, कारण बालपणापासून त्याने ओशिनचीच बाजू धरलेली आहे. लेखिकेने येथे प्रेक्षकाला मोठ्या कौशल्याने पकडले आहे. चाहत्याला मात्र आपण पकडले गेलो याचा पत्ताही लागत नाही; त्याच्या लेखी मिचिको ही ‘आजकालची सून’ असते.

युद्धाचेही तसेच. बर्फातून ओशिनला वाचविणारा शुन्साकु हा रशिया-जपान युद्धातून पळून आलेला सैनिक. तो तिला अक्षरे शिकवितो, आणि योसानो आकिको यांची १९०४ मधील युद्धविरोधी कविता तिच्या कानांवर घालतो. हे संस्कार घेऊन वाढलेली ओशिन पुढच्या महायुद्धात काय करते? र्‍यूझोचा धंदा लष्कराला माल पुरवून वाढतो, घर भरते, ओशिन अस्वस्थ होते आणि गप्प राहते. थोरला मुलगा यू युद्धात मरतो. शेजारच्या तरुणांना लढाईवर धाडण्यात आपला हात होता या जाणिवेने र्‍यूझो पराजयानंतर स्वतःचा अंत करून घेतो. येथे सोशीकपणा हा गुण राहत नाही, दोष होतो. आणि हे ओशिनला कळते. ज्या मालिकेची ख्याती सहनशीलतेचे स्तोत्र म्हणून झाली, तिच्यातच सहनशीलतेवरील हा आरोप आहे. तो प्रेक्षकाच्या ध्यानी न येण्याचे कारण सोपे आहे. सोसणाऱ्या पोरीशी एकरूप होणे सुखाचे असते. तेथे प्रेक्षक निर्दोष असतो. गप्प राहिलेल्या प्रौढेशी एकरूप झाल्यास त्याला स्वतःच्या गप्प राहण्याचा हिशेब द्यावा लागेल.

तो हिशेब दूरचा नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ आधीच संसारात खर्च झालेली; तिची फेड अंगमेहनतीने करावयाची. मुले बरोबर निघतात आणि शाळा मागे राहते. आगाऊ घेतलेले पोते आणि त्यापोटी गहाण पडलेले वर्ष, हीच ती रचना. फोनवर ओशिनचा तराफा पाहून गहिवरणारा सुशिक्षित रसिक बहुधा या टोळीतला नसतो. तो कोयत्याच्या बाजूचा नसून, फार तर, ज्या घरी धुणीभांड्यांना एखादी मुलगी येते त्या घरातला असतो. ‘हे आपलेच आहे’ या वाक्यातील ‘आपले’ कोण, हे त्याने स्वतःला विचारलेले नसते. उचल हा त्याच्या लेखी व्यवहार आणि तांदळाचे पोते ही शोकांतिका. समीक्षेला येथे नीतिपाठ देण्याचे कारण नाही. पण तादात्म्याच्या सिद्धान्ताने ही फट नोंदवलीच पाहिजे, कारण ज्या साम्यावर हा आस्वाद उभा आहे ते साम्य प्रेक्षकाच्या स्वतःच्या जागेचे नाहीच. ते त्याच्या गावाचे आहे.

या साऱ्यात भाषेचा वाटा किती, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. बालपणीची ओशिन यामागाताच्या ग्रामीण बोलीत बोलते. वयाबरोबर आणि धंद्याबरोबर तिची भाषा बदलत जाते. इंग्रजी उपशीर्षकांत ही सगळी भाषा एकाच सपाट पातळीवर येते. ज्याने घरात मराठवाडी बोली आणि वर्गात प्रमाण मराठी असा दुहेरी व्यवहार केला आहे, त्या परभणीच्या प्रेक्षकाला या बदलातील वेदना सर्वांत आधी कळावयास हवी. आणि नेमका तोच तिला मुकतो. नायिकेच्या नावाची हीच गत. ‘ओ’ हा आदराचा वा जवळिकीचा उपसर्ग. मूळ नाव ‘शिन’. हा ध्वनी निरनिराळ्या चित्रलिपी-चिन्हांनी लिहिला की विश्वास, हृदय, सत्य, नवे असे निरनिराळे अर्थ होतात, आणि सहनशीलतेला जो जपानी शब्द आहे त्याचाही आरंभ ‘शिन’नेच होतो. मालिकेचे नाव मात्र केवळ ध्वनिदर्शक अक्षरांत लिहिलेले आहे; कोणताही एक अर्थ त्यात पक्का केलेला नाही. चाहत्यांनी त्यांपैकी सहनशीलता तेवढी उचलली.

मराठीत या मालिकेची उपशीर्षके करावयाची झाल्यास पहिली अडचण ‘होको’ या शब्दाशी येईल. लहान वयात परक्या घरी राहून ठरावीक मुदतीपर्यंत करावयाची सेवा, असा त्याचा अर्थ. ‘चाकरी’ म्हटले तर मुदत आणि आगाऊ मोबदला दोन्ही निसटतात. ‘दासीपण’ म्हटले की गंगाखेडची जनी समोर येऊन उभी राहते आणि तिच्यामागोमाग विठ्ठल. ‘साल धरणे’ यात मुदत आहे, धान्य आहे, करारही आहे, पण त्या शब्दाला गड्याचा, पुरुषाचा वास आहे. सात वर्षांच्या मुलीने साल धरले असे वाक्य मराठवाड्यात कोणाच्या तोंडी आलेले नाही. ‘उचल’ हा शब्द अर्थाने सर्वांत जवळ जातो, आणि तो वापरला तर तराफ्याच्या दृश्याखाली, फुजी तीरावर उभी असताना, पडद्यावर अशी ओळ उमटेल की पोरीच्या नावावर एक पोते उचल घेतली आहे.